रहिवाशांच्या सवयी

कमलाकर निमकर यांची फुप्फुसे ज्या घरात बिघडत गेली, त्या घराला निरोगी निवासाचा पुरस्कार मिळालेला आहे. पुरस्काराची पाटी वसाहतीच्या प्रवेशद्वाराशी, सायकलींच्या मांडवाशेजारी लावलेली असून तिच्यावर एका पानाचे चित्र आहे. ब्रिस्टलच्या उत्तर टोकाला अशी चौतीस घरे आहेत: लाकडी सांगाडा, भिंतींत हातभर जाडीचे उष्णतारोधक, तीन काचांच्या खिडक्या, आणि फट म्हणून कोठेही नाही. माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर ‘इथे घर तुमच्यासाठी श्वास घेते’ असे वाक्य आहे. पुस्तिका मी तीनदा वाचली. घराने श्वास घेतल्यानंतर माणसाने काय करायचे, याचा उल्लेख तीत मला आढळला नाही.

असे घर मुळात लबाडी नव्हे, हे मला सांगितले पाहिजे, कारण गेली बारा वर्षे मी विद्यापीठात त्याचीच बाजू मांडत आले आहे. फटी बुजवल्या की उष्णता वाया जात नाही, इंधन कमी जळते. आतली ओलसर हवा मात्र आपोआप बाहेर पडत नाही. ती स्वयंपाकघरातून आणि न्हाणीघरातून ओढून घेण्यासाठी, आणि ताजी हवा इतर खोल्यांत सोडण्यासाठी माळ्यावर एक यंत्र असते. जाणारी हवा आपली ऊब येणाऱ्या हवेला देऊन जाते. प्रत्येक खोलीच्या छताला या हवेचे एक वाटोळे तोंड असते. कोणत्या तोंडातून सेकंदाला किती लिटर हवा यावी किंवा जावी, हे ठरलेले असते, आणि घर ताब्यात देण्यापूर्वी कोणीतरी ते मोजून, जुळवून, कागदावर लिहून सही करायची असते. या कामाला प्रत्येक घरामागे अर्धा दिवस लागतो. एका माणसाचा अर्धा दिवस, एवढाच काय तो प्रश्न.

निमकर काका छातीचे डॉक्टर. पस्तीस वर्षे त्यांनी लंडनच्या इस्पितळांत इतरांच्या छातीला कान लावला. निवृत्तीनंतर हॅरोचे जुने घर विकून, पंधरा महिन्यांपूर्वी, दिवाळी झाल्यावर, ते आणि सुप्रभाकाकू इथे आले. मुलगा सिडनीला, मी ब्रिस्टलमध्ये. शिकायला आले तेव्हा दोन हिवाळे मी त्यांच्याच घरी राहिले होते, त्यामुळे ‘आपली देवयानी जवळ असेल’ एवढे कारण त्यांना पुरेसे झाले. मार्चमध्ये काकांना कोरडा खोकला सुरू झाला. ऑगस्टमध्ये त्यांच्या झोपायच्या खोलीत कपाटामागची भिंत काळी पडलेली दिसली आणि काकूंनी कंपनीकडे तक्रार नोंदवली. जानेवारीत काका इस्पितळात दाखल झाले. बुरशीच्या कणांमुळे फुप्फुसांना आलेला दाह, असे निदान झाले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले की ओल कोठून येते ते सापडून ती थांबेपर्यंत त्यांना त्या घरी पाठवता येणार नाही. शुक्रवारी इस्पितळात बैठक होती. त्यात ठरणार होते की काका दुरुस्तीनंतर घरी जातील की कायमचे शुश्रूषागृहात.

आणि कंपनीचे पत्र आले होते. घर निर्दोष आहे. रहिवाशांनी हवेचे एक तोंड चिकटपट्टी लावून बंद केल्याचे तपासणीत आढळले. सबब दुरुस्तीची जबाबदारी कंपनीवर नाही. सोबत छायाचित्र. आणि आधाराला एका शोधनिबंधातले वाक्य: ‘पाहणी केलेल्या दक्षिण आशियाई घरांत ओलाव्याचे मुख्य कारण बांधकाम नसून रहिवाशांच्या सवयी हे आहे.’

वाक्य माझे होते.

मंगळवारी सकाळी मी मोजमापाची पेटी घेऊन पोहोचले. कंपनीने ब्रॅकनेलच्या कचेरीतून आपला माणूस पाठवला होता. तिशीचा, व्यवस्थित दाढी कोरलेला, गळ्यात ओळखपत्र. त्याने दारातच बूट काढले, आणि काकूंच्या चेहऱ्यावर त्या दिवसातली पहिली आणि बहुधा शेवटची पसंती उमटली.

“मी अपूर्व केळकर. पुण्याचा, कोथरूड,” तो म्हणाला. “काकू, आधीच सॉरी म्हणतो. मला इथे कंपनीच्या बाजूने बोलायला पाठवलंय.”

“बोल की,” काकू म्हणाल्या. “चहा घेऊन बोल. मागचा आला होता तो तर बूट घालून थेट देवापर्यंत गेला.”

“मॅडम, तुमच्याशी भांडायचं म्हणजे मला तुमचाच पेपर कोट करावा लागणार,” अपूर्व माझ्याकडे वळून म्हणाला. “ऑकवर्ड आहे ना थोडं?”

“तुला आहे,” मी म्हटले. “मला अजून शब्द सापडायचा आहे.”

वरच्या मजल्यावर तीन खोल्या. सर्वांत लहान खोलीत देव्हारा होता, आणि तो रिकामा होता. मी काकूंकडे पाहिले.

“देव डब्यात ठेवलेत,” त्या म्हणाल्या. “पत्र आलं त्या दिवशीच. म्हटलं, माझ्या देवापायी यांचा श्वास कोंडला असेल, तर राहू देत तिथेच.”

देव्हाऱ्याच्या बरोबर वर छताला ते वाटोळे तोंड होते. पत्रातल्या छायाचित्रात त्यावर जाड पुठ्ठा आणि तपकिरी चिकटपट्टी दिसत होती. आता तिथे काहीही नव्हते. फक्त पट्टीच्या गोंदाचा पुसट चौकोन. मी तो पाहिला, आणि पत्र आल्यावर काकूंनी घाबरून पुठ्ठा काढला असावा असे स्वतःशी ठरवून टाकले. विचारले नाही. अनुमान काढायला विद्वानाला साक्षीदार लागत नाही.

माझ्या मोजमापाच्या यंत्राला कापडी टोप असतो. तो त्या तोंडाला लावला की पडद्यावर आकडा येतो. त्या खोलीसाठी ठरलेला आकडा होता सहा. पडद्यावर आले सतरा. मी पुन्हा मोजले. सतरा. काकांच्या झोपायच्या खोलीत दहा हवे होते, मिळाले तीन. खाली स्वयंपाकघरातून सेकंदाला तेरा लिटर ओलसर हवा बाहेर जायला हवी होती. जात होती चार.

“तुझ्या यंत्राने मोज,” मी अपूर्वला म्हटले.

त्याने आपल्या बॅगेतून कंपनीचे यंत्र काढले आणि मुकाट्याने तिन्ही ठिकाणी मोजले. सतरा, तीन, चार. मग शिडी लावून माळ्यावर गेला आणि बराच वेळ खाली आला नाही. आला तेव्हा त्याच्या शर्टावर लोकरीसारखे उष्णतारोधक चिकटलेले होते.

“किचनच्या पाइपवर इन्सुलेशनचे तीन रोल टाकलेत,” तो म्हणाला. “पाइप चपटा झालाय. पोळीसारखा. आणि सप्लायचा व्हॉल्व्ह कुणी अॅडजस्ट केलेलाच नाहीये, फॅक्टरीतून आला तसा आहे. सगळी हवा सर्वांत जवळच्या खोलीत.”

“म्हणजे देवाच्या खोलीत.”

“हो.”

“ताब्यात देतानाचा कागद दाखव.”

त्याने टॅब्लेटवर कागद उघडला. सहा, दहा, तेरा. दशांश चिन्हापर्यंत ठरल्याबरहुकूम. इतके अचूक घर मी आयुष्यात पाहिलेले नाही.

“बाकीच्या तेहतीस घरांचा कागद?”

त्याने एकामागून एक कागद उघडून पाहिले. मग हळूच म्हणाला, “सेम आहे. सही पण सेम. तारीख पण.”

एका दिवशी चौतीस अर्धे दिवस. काकू हे ऐकत जिन्यात उभ्या होत्या. आकड्यांशी त्यांना कर्तव्य नव्हते. त्यांनी आपल्याला हवा तोच प्रश्न विचारला.

“पण मी पुठ्ठा लावला नसता, तर हे आजारी पडले नसते. असंच लिहिलंय ना पत्रात?”

“काकू, पुठ्ठा किती महिने होता?” अखेर मी विचारले. कंपनीने तो प्रश्न विचारला नव्हता, आणि त्या क्षणापर्यंत मीही नाही.

“महिने?” त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. “अगं, नवरात्रात लावला. वरून असा वारा यायचा की निरांजन विझायचं. एरवी मी हाताचा आडोसा धरून ओवाळायचे. पण अखंड दिव्याला नऊ दिवस आडोसा कसा धरणार? घटस्थापनेला लावला, दसऱ्याला काढला. नऊ दिवस झाले असतील. तो बूटवाला आला तेव्हा पाचवी माळ होती. त्याला म्हटलं, बाबा, दिव्यासाठी लावलाय, काढणार आहे. तो म्हणाला ओके, आणि फोटो काढला.”

मी पत्राला जोडलेले छायाचित्र पुन्हा पाहिले. कोपऱ्यात तारीख होती: सात ऑक्टोबर. तक्रार ऑगस्टची. खोकला मार्चचा. चार दिवसांपूर्वी लावलेल्या पुठ्ठ्याने सात महिन्यांपूर्वीचा खोकला निर्माण केला, असे चौतीस घरे बांधणाऱ्या कंपनीने छापील कागदावर लिहिले होते. आणि तीनही तारखा माझ्यासमोर तीन आठवडे असूनही, त्यांची बेरीज करायला मला जिन्यात उभ्या असलेल्या एका बाईची गरज पडली. छायाचित्रात मी पुठ्ठा पाहिला आणि ‘सवय’ वाचली. तो शब्द मीच तर बाजारात आणला होता.

त्या संपूर्ण घरात हवेच्या प्रवाहाची योग्य तपासणी एकाच व्यक्तीने केली होती, तीही रोज दोनदा, निरांजनाने. आणि निष्कर्ष बरोबर काढला होता: इथे वारा फार आहे. तिला दोषी ठरवण्यात आले होते.

चहा झाला. अपूर्वने कप स्वतः विसळून ठेवला. मग मी काकूंना सांगितले, कारण आता न सांगणे शक्य नव्हते, की पत्रातले ते वाक्य माझे आहे, आणि ज्या नऊ घरांच्या मोजमापांवर ते उभे आहे त्यांतले सातवे घर म्हणजे त्यांचे हॅरोचे घर. निबंधात नावे नसतात. त्यात लिहिले आहे की सातव्या घरातल्या खिडक्या हिवाळाभर सवयीने बंद ठेवल्या जात, आणि म्हणून ते घर सर्वांत ओलसर होते. ते सर्वांत ठळक उदाहरण होते. ते काढले, तर उरलेल्या आठांचा कल जेमतेम दिसतो.

काकूंनी टेबलावरून हात फिरवला.

“पण देवयानी, हॅरोला खिडक्या मी तुझ्यासाठी लावायचे.”

“माझ्यासाठी?”

“मग? तू नागपूरहून आलेली. दोन स्वेटर, वर माझी शाल, आणि तरी ओठ निळे. यांनी सांगितलं, पोरगी आजारी पडेल, खिडक्या लाव. त्याच्या आधी माझी किचनची खिडकी डिसेंबरातसुद्धा उघडी असायची. शेजारची मिसेस डॉबसन म्हणायची, तुमच्या फोडणीने माझी मांजर शिंकते.” त्या किंचित हसल्या. “तू गेल्यावर परत उघडली की. ते तू नाही का लिहिलंस?”

मी गेल्यावरचे मी मोजले नव्हते. यंत्रे माझ्याबरोबरच त्या घरात आली आणि माझ्याबरोबरच गेली. घराच्या सवयी नोंदवणारी विद्यार्थिनी त्या घरातली सर्वांत नवी सवय होती, आणि तिने स्वतःला सोडून सर्व काही मोजले. या निबंधाला पुढे दोनशेहून अधिक जणांनी आधार म्हणून वापरले. माझी नेमणूक, माझी बढती, या विषयात माझ्या नावाला जे वजन आहे म्हणतात ते, सगळे त्यातून आले. एका बाईने परक्या मुलीला थंडी वाजू नये म्हणून खिडकी लावली, आणि त्या मुलीने ते तिच्या जातकुळीचा दोष म्हणून छापले. बारा वर्षांनी तो छापील दोष त्याच बाईच्या दारात, तिच्या नवऱ्याला घरात येऊ न देण्यासाठी, परत आला.

अपूर्व घसा खाकरून म्हणाला, “मॅडम, एक प्रॅक्टिकल बोलू? हे हॅरोचं मी ऐकलं नाही असं समजू या. आजचे आकडे स्ट्राँग आहेत. रिपोर्ट तुमच्या नावाने शुक्रवारच्या आधी गेला, तर आमचे लोक हलतील. तुमच्या नावाला घाबरतात ते. पण तुम्हीच म्हणालात की आपला पेपर चुकलाय, तर लीगल टीम काय म्हणेल? जी बाई बारा वर्षांपूर्वी चुकली, तिचे आजचे आकडे कशावरून बरोबर? काकांचं काम लटकेल.”

तो खोटे बोलत नव्हता, हेच त्यातले वाईट. माझे चुकीचे वाक्य जपले, तर त्या वाक्याने मिळवलेल्या वजनावर काका घरी येणार होते. वाक्य मागे घेतले, तर कदाचित येणार नव्हते.

“आणि वाक्य तसंच राहिलं, तर पुढच्या पत्रात ते कुणाच्या घरी जाईल?” मी विचारले.

“ते... जाईल कुठेतरी.” त्याने खांदे उडवले, मग लाजून खाली पाहिले. “आमच्या पत्रांच्या टेम्प्लेटमध्ये आहे ते.”

काकू म्हणाल्या, “यांना विचार. श्वास त्यांचा आहे.”

दुपारी मी इस्पितळात गेले. काका उशांना टेकून बसले होते, नाकाशी प्राणवायूची नळी. शब्द ते मोजून वापरू लागले होते.

“या, प्रोफेसरबाई. घराची छाती तपासली?”

मी सर्व सांगितले, खिडक्यांसकट. त्यांनी डोळे मिटून ऐकले. मध्ये एकदा बोटे वर करून मला थांबवले, श्वास गोळा केला, आणि पुढे सांग अशी खूण केली.

“काका, आकडे आणि माझी चूक, दोन्ही लिहिलं तर उशीर होऊ शकतो. कदाचित दुरुस्तीच होणार नाही.”

“माझी फुप्फुसं पूर्ववत होणार नाहीत,” ते म्हणाले. “छातीचा फोटो मी पाहिलाय. तेव्हा घाई कसली आहे, ते नीट समजून घे. मला घरी जायचंय. पण सुप्रभाला असं वाटत असताना नाही, की तिने मला...” त्यांनी वाक्य सोडले. थोड्या वेळाने म्हणाले, “मी पण लिहायचो. साउथॉलच्या, वेम्ब्लीच्या आपल्याकडच्या पेशंटांच्या कागदावर. ‘घरात स्वयंपाकाचा धूर, दाटीवाटी.’ तीन सेकंदांत. घरी कधी गेलो नाही बघायला. लिही तू. दोन्ही लिही.”

त्या संध्याकाळी मी दोन मजकूर तयार केले. एक अहवाल: तीन आकडे, दबलेला पाइप, तीन तारखा, एकसारखे चौतीस कागद. दुसरे पत्र, निबंध छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना: सातवे घर पाहणीतून वगळावे, तिथल्या बंद खिडक्यांचे कारण संशोधिकेची उपस्थिती हे होते, निष्कर्ष टिकत नाही. दुसऱ्या पत्राची प्रत मी अहवालाला जोडली आणि कंपनीला पाठवली. ज्यांना माझ्यावर शंका घ्यायची होती, त्यांना शोधत बसण्याचा त्रास नको.

बुधवारी सकाळी अपूर्वचा फोन आला.

“मॅडम, मी पण काल माझ्या यंत्राने मोजलेलं ना? ते तुमच्या नावावर अवलंबून नाहीये. मी माझे आकडे सही करून आत पाठवलेत. फक्त आकडे, हं. कारणं-बिरणं काही नाही.”

“तुझा व्हिसा तर कंपनीवर आहे, त्याचं काय?”

“बघू. मॅनेजर म्हणाला, तू कुणाच्या बाजूने आहेस? मी म्हटलं, सर, सतराच्या.” तो हसला, पण हसणे लवकर संपले.

शुक्रवारच्या बैठकीत कंपनीच्या वकिलांचे पत्र वाचले गेले. अपेक्षेप्रमाणे त्यात माझ्या विश्वासार्हतेवर दोन परिच्छेद होते. माझ्या चुकीचे त्यांनी केलेले वर्णन मी केलेल्या वर्णनापेक्षा सौम्य होते. तिसऱ्या परिच्छेदात, कोणतीही जबाबदारी न स्वीकारता आणि केवळ सद्भावनेपोटी, त्यांनी दुरुस्तीस मान्यता दिली. आपल्याच माणसाच्या सहीचा आकडा त्यांना कोठे ठेवावा हे सुचले नसावे. बाकीच्या तेहतीस घरांविषयी पत्रात काही नव्हते. त्या रहिवाशांना मी माझ्या अहवालाची प्रत स्वतः दारोदार जाऊन दिली. सात जणांनी दार उघडून आपलीही काळी भिंत दाखवली.

दुरुस्ती सात आठवडे चालली. काका तेवढे दिवस शुश्रूषागृहात होते. पाइप बदलला, झडपा जुळवल्या, भिंतीचा आतला थर काढून नवा घातला. अपूर्वची बदली आतल्या कामावर झाली. आता त्याला घरे पाहायला पाठवत नाहीत. संपादकांनी माझे पत्र छापले. ज्यांनी निबंध आधाराला घेतला होता, त्यांपैकी दोघांनी मला लिहिले. दोघांनीही सहानुभूती व्यक्त केली. माझ्याविषयी.

एप्रिलच्या एका गुरुवारी इस्पितळाची गाडी वसाहतीत आली. काका चाकाच्या खुर्चीत, मांडीवर प्राणवायूचा छोटा सिलिंडर. जिना त्यांना आता चढता येणार नव्हता, म्हणून त्यांचा पलंग खालच्या दिवाणखान्यात आणला होता. चालकाने खुर्ची दारापर्यंत आणली, आणि काकू कुलूप न काढता तशाच उभ्या राहिल्या.

“देवयानी,” त्या म्हणाल्या, “आता न्यायचं ना यांना आत? तू सांगतेस ना, खात्रीने?”

खात्री हा माझा व्यवसाय होता. मी किल्ली त्यांच्याकडून घेतली, आत गेले, पेटीतून यंत्र काढून दिवाणखान्याच्या तोंडाला लावले आणि काकूंना हाक मारली. त्या आल्या. मी टोप त्यांच्या हातात दिला. तो कसा धरायचा, पडदा स्थिर होईपर्यंत किती थांबायचे, आकडा कोणता असावा आणि किती खाली गेला तर कोणाला फोन करायचा, हे सांगितले. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

“अकरा,” त्या म्हणाल्या. “किती हवा?”

“अकरा.”

“थांब, परत बघते.” त्यांनी टोप काढून पुन्हा लावला आणि ओठ घट्ट मिटून वाट पाहिली. बाहेरून काकांचा धाप लागलेला आवाज आला, “सुप्रभा, मी इथेच राहू का?”

“आले हो,” काकू म्हणाल्या. त्यांनी यंत्र माझ्या हाती देऊन पदराने हात पुसले, आणि त्यांना आत आणायला गेल्या.